हात खाली

बनारसमध्ये गुरु कोणालाही म्हणतात. पानवाल्याला, नावाड्याला, पायावर पाय देऊन गेलेल्या अनोळखी माणसाला, आणि वाट अडवून बसलेल्या सांडालासुद्धा. "का गुरु, तनी हटा" असं एका सांडाला अदबीने विनवलेलं मी स्वतः ऐकलं आहे. त्यामुळे आमच्या कराटेच्या मास्तरांनी ही पदवी पहिल्याच दिवशी नाकारली. "मला सांडाच्या पंक्तीला बसवू नका," ते म्हणाले, "त्याची योग्यता मोठी आहे."

आम्हाला ही मस्करी वाटली. पण लवकरच त्यांनी आम्हाला दूधविनायक मोहल्ल्यातल्या एका गलीत खरोखरच सांडासमोर नेऊन उभं केलं. गली इतकी अरुंद की तो किंवा आम्ही, यांपैकी एकालाच तिथून जाता येणार होतं.

"आता काय कराल?"

कोणी म्हणालं, ओट्यावर चढू. कोणी म्हणालं, मागे फिरू.

"शाब्बास. याला लाथ मारू असं कोणी म्हणालं नाही. कारण याची शिंगं दिसतात. माणसाची दिसत नाहीत, म्हणून तिथे तुमची अक्कल जाते. संपला तास."

त्यांचे तास असेच संपत. मराठी घरांतली मुलं त्यांना काका म्हणत, हिंदी घरांतली मास्टर साहब. ते एका शाळेत गणित शिकवत, त्यामुळे मास्टर साहब दोन्ही अर्थांनी खरं होतं. थंडीत करडी माकडटोपी, कोपरांवर उसवलेला तपकिरी स्वेटर आणि पायजमा. छत्री बाराही महिने. ती मारण्यासाठी असते का, असं मी एकदा विचारलं. "नाही," ते म्हणाले, "उघडली की माणूस हातभर लांब उभा राहतो. निम्मी आत्मरक्षा तिथेच झाली. बोलणंही कमी होतं, तो वेगळा फायदा."

नव्वदच्या दशकाची ती पहिली वर्षं होती. व्हिडिओ पार्लरच्या कृपेने शहरातल्या प्रत्येक पोराला आपण हवेत उडून लाथ मारू शकतो असं वाटत होतं. मी तेव्हा एम.ए. करत होते. वडील मुगलसरायला रेल्वेत, आणि मी दूधविनायकात मावशीकडे. युनिव्हर्सिटीतून परतताना गोदौलियाच्या गर्दीत रोज कोणाचं ना कोणाचं कोपर चुकून लागायचं. चुका इतक्या नेमक्या जागी होत की एक दिवस मी क्लासात नाव घातलं. काका मला नावाने कधी बोलावत नसत, 'रेलवेवाली' म्हणत.

क्लास संकठा घाटाजवळच्या एका धर्मशाळेच्या गच्चीवर भरे. पाण्याच्या टाकीला वाळू भरलेलं पोतं टांगलेलं होतं. वाळू गंगेचीच, दुसरी आणणार कुठून? त्यामुळे काकांचा पुतण्या वासू पोत्याला आधी नमस्कार करी आणि मग ठोसा मारी. हिंदी मुलं हसत. काका म्हणत, "हसू नका. आधी नमस्कार, मग तडाखा, ही काशीची जुनी रीत आहे. यात्रेकरूंना विचारा."

माझी पहिली मूठ त्यांनी हातात धरून उलटसुलट पाहिली, भाजीवाल्याकडे वांगं पाहावं तशी.

"अंगठा आत का लपवलाय? थंडी वाजते त्याला?"

"सुरक्षित राहील म्हणून."

"पहिला तोच मोडेल. तो बाहेर, बोटांच्या पाठीवर. मनगट सरळ. मारायचं ते या पहिल्या दोन हाडांनी, करंगळीकडच्यांनी नाही. आणि कपाळावर मूठ कधी मारायची नाही. कपाळ देवाने दगडाचं केलंय, काही लोकांचं तर आतपर्यंत. चेहऱ्याशी गाठ पडली तर तळहाताची टाच, अशी, हनुवटीखालून."

मी पोत्याला ठोसा मारला. हात तिथेच ठेवून, कसं काय, अशा नजरेने मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे माझं मनगट पकडलं.

"हा हात कोणाचा?"

"माझा."

"सध्या माझा आहे. गेलेला हात दुसऱ्याचा असतो, रेलवेवाली. जातो त्याच्यापेक्षा लौकर परत आला पाहिजे."

परत येण्यावर त्यांचा सगळा भर. मारायला कोणीही शिकवतो, ते म्हणत, सासूसुद्धा. थांबायला शिकवणारा मिळत नाही. आणि थांबायला शिकवण्यासाठी त्यांच्याकडे एकच हुकूम होता: "हात खाली!" आम्ही ठोशांच्या भरात असू, दोघं दोघं समोरासमोर उभे राहून वार अडवत असू, आणि मधेच कधीही तो हुकूम येई. त्या क्षणी हात मांड्यांशी आले पाहिजेत. ज्याचा हात शेवटी येई, त्याला बाजूला काढून टाकीच्या सावलीत बसवत. "भांडण संपलं ते याला कळलं नाही," ते बाकीच्यांना सांगत. "हा तुरुंगात जाणार."

या हुकुमाची एक गंमत होती. मराठीत हात खाली म्हणजे हात खाली घ्या. पण गच्चीवरची निम्मी मुलं हिंदी, आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामा. एका मिठाईवाल्याच्या मुलाने पहिल्याच दिवशी आपले दोन्ही तळवे उघडून दाखवले होते. "हाँ मास्टर साहब, खाली है. कुछ नहीं लाए." सगळी गच्ची हसली. काका मात्र खूश झाले. "कराटे म्हणजे तरी काय? रिकामा हात. याला न शिकवता समजलं!" मग नव्या मुलांची तुकडी आली की ते हा श्लेष मोठ्या प्रेमाने समजावून सांगत. एक हुकूम, दोन अर्थ: हात खाली घ्या, आणि समोरच्याचा हात रिकामा आहे का ते बघा. रिकामा असेल तर तुमचाही खाली. श्लेष करणाऱ्या माणसापासून जरा सावध राहावं असं माझं तेव्हाही मत होतं, पण ते साहित्यापुरतं.

हुकूम पाळण्यात वासूसारखा कोणी नव्हता. त्याचा हात शब्द पुरा व्हायच्या आतच खाली आलेला असे. "हा" म्हटलं की पुरे. काका त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, "याला म्हणतात तयारी." वासू विशीतला, काकांच्या दिवंगत भावाचा मुलगा. लहानपणापासून वेदपाठशाळेत होता. घनपाठ शिकत होता, म्हणजे मंत्राचे शब्द आधी सुलट, मग उलट, मग पुन्हा सुलट, असे गुंफून म्हणायचे. शब्द पुढे जातो आणि परत येतो. त्याची परीक्षा जवळ आली होती. ती झाली की तो घनपाठी म्हणवला जाणार होता. त्याच्या आईने त्या एका शब्दासाठी वैधव्याची सगळी वर्षं काढली होती. कराटेला तिचा विरोध नव्हता. "श्वास वाढतो म्हणे," ती सांगे.

पट्टे मात्र काका कोणाला देत नसत. पांढरा, पिवळा, हिरवा काही नाही. "पट्टा कुत्र्याला बांधतात." यामुळे त्यांची बरीच मुलं शहरातल्या दुसऱ्या एका क्लासात गेली. तिथे पट्टे होते, बिल्ले होते, आणि स्वतःला महागुरु म्हणवणारे गृहस्थ होते. त्यांच्या वार्षिक समारंभाला काकांनी आम्हाला अभ्यास म्हणून नेलं. स्टेजवर आधी पुढाऱ्यांचे हार झाले, मग हार घालणाऱ्यांचे हार झाले, मग आत्मरक्षणाने राष्ट्र कसं बलवान होतं यावर भाषण झालं. त्यात वेळ इतका गेला की फोडायला आणलेली बर्फाची लादी निम्मी वितळली होती. महागुरूंनी ती डरकाळी देऊन फोडली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर पडल्यावर काकांनी छत्री उघडली. "एकच सांगा. ती लादी कोणाच्या अंगावर धावून आली होती?"

त्यांचे खरे तास असे प्रश्नांचेच. "समजा, गलीत तिघं उभे आहेत. नजर बरी नाही. काय कराल?"

"पहले वाले को कोहनी," मिठाईवाल्याचा मुलगा म्हणे.

"गली बदला."

"दूसरी गली न हो तो?"

"बनारसमध्ये?"

आम्ही सगळे हसलो. मग मी विचारलं, "काका, दर वेळी मीच का गली बदलायची?"

 त्यांनी छत्रीचं टोक गच्चीवर टेकवलं. "प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले. "उत्तर माझ्यापाशी नाही. ते सापडेपर्यंत कोपर शिकून ठेव." आणि त्या दिवशी उरलेला सगळा वेळ त्यांनी मला एकटीला कोपराचा वार शिकवला. जवळ आलेल्या माणसाला मूठ उपयोगाची नाही, कोपर आडवं, कंबरेतून वळून, आणि लगेच दोन पावलं मागे. मोठमोठ्या प्राध्यापकांकडून मी 'उत्तर माझ्यापाशी नाही' हे वाक्य कधी ऐकलं नाही.

आता ती संध्याकाळ सांगायला हवी.

थंडीचे दिवस होते. आठवड्यातून एकदा ते आम्हाला घाटांवरून चालवत नेत. त्याला ते नजरेचा तास म्हणत. कुठे सीढी ओली आहे, कोण विनाकारण थांबलाय, कोणाचा हात शालीत आहे, हे चालता चालता बघायचं आणि नंतर सांगायचं. मणिकर्णिकेच्या स्मशानापाशी कोणी बोलत नसे. तिथलं सगळ्यांना न बघताही दिसे. त्या दिवशी आम्ही मुन्शी घाटापर्यंत गेलो. उजेड जायला आला होता.

तिथे पाण्यात सोडायचे दिवे विकणारी एक म्हातारी बसे. एक प्यायलेला माणूस तिच्याशी भांडत होता. कशावरून ते नंतरही कळलं नाही. त्याच्या हातात नावाड्याचा बांबू होता. त्याने तो फिरवला आणि म्हातारीची टोपली सीढ्यांवरून गडगडत खाली गेली. लोक बघत राहिले. वासू पुढे झाला. त्याने जे केलं ते इतकं नीटस होतं की तासातच करतोय असं वाटलं. आधी म्हातारीला पाठीशी घेतलं, मग हात वर, तळवे उघडे, आवाज शांत. "भैया, जाने दीजिए. बूढ़ी हैं." बांबू पुन्हा आला. वासूने आत शिरून तो मनगटाशी अडवला आणि झटका दिला. बांबू सुटून पाण्याकडे गेला. माणूस रिकाम्या हातांनी उभा राहिला. वासूची उजवी मूठ कंबरेशी मागे गेली होती, तयार.

आता बघ्यांना धैर्य आलं. निःशस्त्र माणूस दिसला की आपल्याकडे शूरांची कमतरता राहत नाही. आठदहा जण त्याच्याकडे धावले. माझ्या शेजारून काका ओरडले.

काय ओरडले, त्यातले दोन शब्द निर्विवाद आहेत. हात खाली.

वासूचे हात मांड्यांशी आले. त्याच क्षणी, गर्दी अंगावर येताना पाहून घाबरलेल्या त्या माणसाने समोर जो होता त्याला डोळे मिटून ढकललं. त्याला ठोसासुद्धा म्हणता येणार नाही. आमच्या तासात असला वार केला असता तर काकांनी हसून सोडून दिला असता. वासू मागे पडला. सीढीची कडा त्याच्या कानामागे लागली.

त्याचा जीव वाचला. इस्पितळात पुष्कळ दिवस काढून तो चालत घरी आला, माणसं ओळखत होता, जेवत होता. बोलणं फक्त अडखळे. एक शब्द येई आणि पुढच्यासाठी तो थांबून राही, गच्चीवरून कोणी दोरीने बादली वर ओढावी तसा. पाठ केलेलं सगळं आत होतं म्हणे. पाठशाळेतल्या गुरुजींनी सुरुवात करून दिली की तो म्हणू लागे, पुढे जाई. परत येण्याची वेळ आली की हरवे. परीक्षेचा विषय घरात कोणी काढेनासं झालं.

काकांना त्यांची वहिनी, वासूची आई, काहीएक बोलली नाही. मी तिथे असताना ते तिच्यासमोर मान खाली घालून बसलेले मी पाहिले आहेत, कोणी चार शिव्या घालील तर बरं अशा आशेने. ती इतकंच म्हणाली, "भाऊजी, चाय निवतेय."

आणि मग काकांनी चौकशी सुरू केली. आपण मराठीत ओरडलो की हिंदीत?

लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मला त्यांचा प्रश्न लगेच कळला. हिंदीत ओरडले असतील तर ते गर्दीला सांगत होते: हाथ खाली है, त्याचा हात रिकामा आहे, मारू नका. मग ते एका माणसाला वाचवत होते, आणि वासूचे हात खाली येणं हा दैवाचा घाला. मराठीत ओरडले असतील तर तो वासूला हुकूम होता. भांडण संपलं असा निवाडा त्यांनी दिला होता, आणि तो चुकीचा होता. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा तास घेतला, त्यातच ते नापास झाले होते.

त्यांनी सगळ्यांना विचारलं. घाटावरचा पानवाला म्हणाला, "हिन्दी में बोले थे मास्टर साहब. बनारस में और का बोलेंगे?" शेजारचे वैदिक म्हणाले, "मराठीच. घाबरलेला माणूस मातृभाषेत ओरडतो." काका म्हणाले, "आई मराठी बोलायची. पण मारताना हिंदीत शिव्या द्यायची. आता मातृभाषा कोणती धरू?" दिवे विकणारी म्हातारी म्हणाली, "हमको सुनाई कहाँ देता है, बेटा." वासूलाही विचारलं. तो पुष्कळ वेळ शब्द जमवत राहिला. "तुम्ही... म्हणालात. मी... केलं." त्याच्या सुरात तक्रार नव्हती. असती तर काकांना ते सोपं गेलं असतं.

शेवटी ते माझ्याकडे आले. मावशीच्या ओट्यावर बसले, छत्री मिटून.

"तू माझ्या बगलेत उभी होतीस. तुला दोन्ही भाषा सारख्या येतात. एकच सांग. शेवटी 'है' होतं का?"

मी खूप आठवून पाहिलं. तो घाट, ती गर्दी, ते दोन शब्द मला स्वच्छ ऐकू येत होते. त्यानंतर नुसता गलका होता. तसं मी सांगितलं.

"म्हणजे असेलही."

"असेलही."

 मग मला जे सुचलं होतं आणि मी बोलणार नव्हते, ते त्यांनीच बोलून टाकलं.

"असतं तरी काय? वासूचा हात 'है'पर्यंत थांबला नसता. 'हा' म्हटलं की खाली. रोज सगळ्यांसमोर शाब्बास कोण म्हणायचं?"

मावशीने आतून पाणी आणलं. ते त्यांनी न पिता खाली ठेवलं. "मी म्हणायचो, हे डोकं चालवायला शिकतायत," ते म्हणाले. "शिकत होते ते हुकूम."

क्लास त्यांनी बंद केला नाही. मला वाटलं होतं करतील. उलट नवी मुलं घेतली, वासूला रोज हात धरून गच्चीवर आणून टाकीच्या सावलीत बसवू लागले. मूठ तीच, मनगट तेच, परत येणारा हातही तोच. पण तो हुकूम त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही.

वडिलांची बदली झाली आणि मी बनारस सोडणार होते, तेव्हा निरोप घ्यायला गच्चीवर गेले. तास चालू होता. नवशिक्यांची रांग हात वर करून उभी होती, आणि समोर काकाही तसेच, हात वर, छत्री पायाशी. कोणी कोणाला मारत नव्हतं. समोर शत्रू नव्हता, वार नव्हता, काही नव्हतं. ते नुसते उभे होते. माकडं टाकीवरून बघत होती.

मला थोड्या वेळाने समजलं. ते वाट बघत होते. इथे आता काही धोका नाही, एवढं पाहून कोणीतरी आपल्या मनाने हात खाली घेईल, याची.

कोणी घेत नव्हतं. मुलांचे दंड थरथरत होते, चेहरे लाल झाले होते, डोळे सगळ्यांचे काकांवर. त्यांना वाटत होतं ही सहनशक्तीची परीक्षा आहे, आणि प्रत्येकाला पहिलं यायचं होतं.

टाकीच्या सावलीत वासू त्यांच्याकडे बघत होता. त्याला त्या मुलांची कीव आली असावी. त्याचे ओठ हलू लागले.

"हात," तो म्हणाला.

सगळी रांग एकदम मोकळी झाली. हात खाली पडले, कोणी मनगटं चोळू लागलं, कोणी हसलं. वासू अजून दुसरा शब्द शोधत होता. काका त्याच्याकडे वळले आणि तसेच उभे राहिले, हात वर धरून, दंड थरथरत, साऱ्या गच्चीवर एकटे. मुलं हसायची थांबली.

बऱ्याच वेळाने वासूला तो शब्द सापडला.

"खाली," तो म्हणाला.

काका आणखी क्षणभर थांबले, पुढे काही येतंय का ते ऐकत. मग त्यांनी हात खाली घेतले.